इगुन रस्त्यावरची दालने

नायजेरियाच्या एदो राज्याची राजधानी असलेल्या बेनिन सिटीत, जुन्या राजवाड्याच्या परिसरापासून जवळच, इगुन नावाचा एक रस्ता आहे. रस्ता लहान आहे. तोंडाशी कमान, खाली या शहराची ओळख असलेली लाल माती आणि दोन्ही बाजूंना ओळीने घरे. प्रत्येक घराचा पुढचा भाग म्हणजे शिल्पांचे दालन. तिथे पितळेचे बिबटे, कोंबडे, पोवळ्यांच्या माळांनी हनुवटीपर्यंत झाकलेली राजांची मस्तके, उंच टोपीची राजमाता, बंदूक धरलेला पोर्तुगीज शिपाई आणि त्यांच्या शेजारीच एखाद्या विद्यमान नेत्याचा अर्धपुतळा मांडलेला असतो. दालनातून मागे गेले की अंगण लागते. तिथे भट्टी, मातीचे ढिगारे, मेणाचे गोळे आणि उन्हात वाळत घातलेल्या मुशी दिसतात. त्यापलीकडे कुटुंबाची राहण्याची जागा. पुण्याची तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना अनोळखी वाटणार नाही.

कलादालन म्हटले की पांढऱ्या भिंती, मोजका प्रकाश आणि एकमेकांपासून अंतर राखून ठेवलेल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. इगुनवर तसे काही नाही. इथे शिल्प घडते, विकले जाते आणि पुढच्या पिढीला शिकवले जाते ते एकाच छपराखाली. दालनाचा मालक बहुधा स्वतः ओतारी असतो आणि दुकानात बसलेला मुलगा सकाळी मागच्या अंगणात कानस चालवून आलेला असतो. कुटुंबाची पुंजी, पाठशाळा आणि दप्तरखाना ही तिन्ही या एका घरात सामावलेली असतात. इगुनच्या कलेबद्दल जे काही महत्त्वाचे सांगता येईल ते या रचनेतून निघते.

एदो समाजात इगिओग्बे नावाची प्रथा आहे. वडील ज्या घरात राहिले आणि वारले ते घर, त्यांचे अंत्यविधी रीतसर पार पडल्यावर, थोरल्या मुलाकडे जाते. नायजेरियाच्या न्यायालयांनीही ही प्रथा मानली आहे. जिथे घर आणि भट्टी एकच, तिथे घराबरोबर भट्टीही थोरल्याकडे जाते. विद्येची मात्र अशी वाटणी होत नाही. ती सगळ्या मुलांना, पुतण्यांना मिळते. मोठे झाल्यावर त्यांतले काही आपले वेगळे दालन थाटतात. म्हणून या रस्त्यावर शेजारी शेजारी दिसणारी दोन दुकाने पुष्कळदा एकाच आजोबांची असतात आणि जाणत्या माणसाला दोन्हीकडच्या बिबट्यांच्या ठिपक्यांवरून त्यांचे नाते ओळखता येते.

ओतकामाची पद्धत आहे मेण वितळवून मूस तयार करण्याची. आधी मातीचा गाभा घडवतात. तो वाळला की त्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ थर चढवतात आणि शिल्पाचे खरे काम या थरावर होते. मेणाच्या बारीक दोऱ्या तळहाताखाली वळून त्यांच्या माळा, जाळीदार टोपी, कपाळावरच्या खुणा, पापण्यांच्या कडा केल्या जातात. मेण ऊन सहन करत नाही आणि थंडीत तडकते, म्हणून कारागिराला हवामान सांभाळून काम करावे लागते. चेहरा मनासारखा झाला की त्यावर अगदी चाळलेल्या, पाण्यात कालवलेल्या मातीचा पहिला लेप देतात. हा लेप सर्वांत नाजूक, कारण मेणावरची प्रत्येक रेघ तोच उचलणार असतो. त्यावर जाडसर मातीचे थर, मग लोखंडी तारांची बांधणी. मेण बाहेर पडायला आणि धातू आत जायला वाट ठेवलेली असते. मूस तापवली की मेण वितळून वाहते. ते पुन्हा वापरण्यासाठी गोळा करतात. मूस तोंड वर करून जमिनीत पुरतात.

धातू येतो भंगारातून. जुने नळ, झडपा, कुलपे, यंत्रांचे आणि गाड्यांचे निरुपयोगी भाग भट्टीत जातात. भाता आता बहुतेक ठिकाणी विजेच्या पंख्याने चालतो. पितळ वितळू लागले की त्यातले जस्त जळून हिरवट ज्वाळा आणि पांढरा धूर उठतो. तो धूर छातीला बाधतो आणि जवळ उभा असलेला माणूस तोंडाला फडके बांधून काम करतो. ओतण्याचा क्षण फार थोडा असतो, पण तिथे चूक सुधारता येत नाही. मुशीत ओल राहिली असेल तर धातू उसळतो. धातू थंड पडला असेल तर नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचत नाही, आणि कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाते. सगळे नीट जमले तरी मूस फोडावीच लागते. म्हणून या पद्धतीने घडलेल्या दोन वस्तू कधीही हुबेहूब सारख्या नसतात. त्यानंतरची कानस, छिन्नी आणि घासाई यांतच बराच काळ जातो.

ही विद्या जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे किंवा देवाणघेवाणीतून रुजलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण तोलून त्याच्या पटीत धातू घेण्याची रीत दिली आहे. ती वाचलेल्या माणसाला इगुनच्या अंगणातील प्रत्येक पायरी ओळखता येईल. बेनिनमध्ये ही रीत कोणी लिहून ठेवली नाही. ती सातशे वर्षांच्या आसपास फक्त हातातून हातात गेली आणि तरीही टिकली. लेखी ग्रंथापेक्षा घराण्यावर विसंबलेली विद्या अधिक नाजूक असते असे समजले जाते. इगुनचा इतिहास तसे सांगत नाही.

परंपरा सांगते की ओबा, म्हणजे बेनिनचा राजा, ओगुओला याने इफेच्या राजाकडे एक कुशल ओतारी मागितला आणि तिथून इगुएघा नावाचा कारागीर आला. ही घटना तेराव्या-चौदाव्या शतकातील मानली जाते. त्याच्यापासून ओताऱ्यांचा संघ सुरू झाला, इगुन एरोन्म्वोन. संघाच्या प्रमुखाला इने न'इगुन म्हणतात. हस्तिदंत आणि लाकूड कोरणाऱ्यांचा संघ वेगळा, विणकरांचा वेगळा. प्रत्येक संघ राजवाड्याशी बांधलेला होता. ओताऱ्यांनी राजाच्या आज्ञेशिवाय काही घडवायचे नाही, असा नियम होता. राजा वारला की नवा राजा त्याच्या स्मरणार्थ वेदी उभारी आणि तिच्यासाठी पितळेचे मस्तक ओतवून घेई. ही मस्तके म्हणजे एका अर्थी राज्याची बखर होती.

पोर्तुगीज 1486 च्या सुमारास बेनिनला पोचले. चोवीस वर्षांनी गोवा जिंकणारे हेच पोर्तुगीज. त्यांनी पितळेची कडी आणली, नालाच्या आकाराची, हजारोंच्या संख्येने. ती देऊन ते मिरी, हस्तिदंत आणि माणसे नेत. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुडालेल्या जहाजांतून मिळालेल्या अशा कड्यांचे विश्लेषण केले गेले आणि बेनिनच्या शिल्पांतला बराच धातू जर्मनीच्या ऱ्हाइन नदीकाठच्या प्रदेशातून आल्याचे दिसले. जगभर बेनिन ब्राँझ म्हणून ओळखली जाणारी ही शिल्पे बहुतांशी पितळेचीच आहेत. गुलामांच्या व्यापाराची सावली या धातूवर आहे. अमेरिकेतील गुलामांच्या काही वंशजांनी या वस्तूंवर आपलाही हक्क सांगितला आहे तो यामुळेच, आणि ती गोष्ट डोळ्याआड करून या कलेबद्दल बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धातूची आवक वाढली तसे शिल्पही बदलत गेले. सुरुवातीची मस्तके पातळ आणि हलकी, नंतरची जाड, उंच आणि वजनदार. सोळाव्या-सतराव्या शतकांत राजवाड्याच्या खांबांवर बसवण्यासाठी शेकडो चौकोनी पट्ट ओतले गेले. 1668 मध्ये ओल्फर्ट डापर या डच लेखकाने आपल्या आफ्रिकेवरील ग्रंथात या खांबांचे वर्णन छापले. तो स्वतः आफ्रिकेत कधी गेला नव्हता. इतरांच्या लेखनातून त्याने हे जमवले होते.

म्हणजे ज्याला आज पारंपरिक म्हटले जाते ते आपल्या काळात अगदी नवे होते. पट्टावर पोर्तुगीज शिपाई आला तेव्हा तो त्या काळचा ताजा विषय होता, आजच्या नेत्याच्या अर्धपुतळ्याइतकाच. बाहेरून आलेला धातू, बाहेरून आलेला माणूस आणि त्यांना आपल्या मेणात वळवून घेणारा स्थानिक हात, हेच या कलेचे जुने सूत्र आहे. परंपरा एका कपाटात आणि आधुनिकता दुसऱ्या कपाटात ठेवण्याची सवय संग्रहालयांनी लावली. इगुनच्या दालनात ती कपाटे कधी नव्हतीच.

या प्रवाहात खंड पडला तो 1897 मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत ब्रिटिश अधिकारी जेम्स फिलिप्स याच्या तुकडीवर बेनिनच्या लोकांनी हल्ला केला आणि तिच्यातील बहुतेक जण मारले गेले. राजधानीत धार्मिक विधी चालू असल्याने येऊ नये, असे त्याला कळवलेले होते. फेब्रुवारीत ब्रिटिशांनी सूड म्हणून शहर जिंकले, राजवाडा लुटला आणि आगीत शहराचा मोठा भाग जळाला. ओबा ओव्होनराम्वेनला कालाबारला हद्दपार केले गेले. तो तिथेच 1914 मध्ये वारला. हजारो वस्तू जहाजांतून गेल्या. काही मोहिमेचा खर्च काढण्यासाठी विकल्या गेल्या, काही अधिकाऱ्यांनी स्वतःसाठी ठेवल्या. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशान याने लगोलग खरेदी सुरू केली. या कामाची तुलना युरोपातील उत्तम ओतकामाशीच होईल हे त्याने ओळखले आणि तसे लिहिलेही. ज्या हातांनी ते काम केले त्यांच्याकडे मात्र त्या वेळी ना राजा उरला होता, ना काम.

सतरा वर्षे अशीच गेली. 1914 मध्ये ओव्होनराम्वेनचा मुलगा एवेका दुसरा गादीवर आला. तो स्वतः शिल्पकाम जाणणारा होता. त्याने संघ पुन्हा उभे केले, राजवाड्याच्या आवारात कलेची शाळा काढली आणि ओताऱ्यांना राजाव्यतिरिक्त इतरांसाठी काम करण्याची मोकळीक दिली. इगुनवरची दालने या निर्णयातून जन्माला आली. पूर्वी गिऱ्हाईक एकच होते आणि तो राजा होता. आता दारात येईल तो गिऱ्हाईक झाला. या बदलाला कलेचा ऱ्हास म्हणणारे पुष्कळ आहेत. पर्यटकांसाठी केलेले काम हलके, असा त्यांचा आक्षेप असतो. घाईत ओतलेली, रेघा बुजलेली शिल्पे इगुनवर विकली जातात, हे खरेच आहे. पण विक्री नसती तर भट्टी विझली असती आणि आज चांगले काम ओळखणारा हातही उरला नसता. एवेकाच्या निर्णयाचे मोल त्याच्या वेदीसाठी ओतलेल्या कोणत्याही मस्तकाहून कमी नाही.

नमुन्यांचा प्रश्न त्याहून बिकट होता. बापाने, आजोबाने केलेली उत्तम शिल्पे देशाबाहेर गेलेली. ओताऱ्याने शिकायचे कशावरून? उरलेल्या थोड्या वस्तू, घराण्याची आठवण आणि पुढे परदेशी ग्रंथांतली, लिलावाच्या सूचिपत्रांतली छायाचित्रे, एवढ्यावर हे काम चालले. छायाचित्रात मस्तकाची मागची बाजू क्वचित दिसते, भिंतीची जाडी तर दिसतच नाही. 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमने आपल्याकडचे काही पट्ट नायजेरियाला विकले. लुटलेली वस्तू मूळ धन्याने पैसे मोजून परत घ्यावी, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. 2022 मध्ये डिजिटल बेनिन हा संग्रह सुरू झाला आणि 20 देशांतील 131 संस्थांकडे असलेल्या पाच हजारांहून अधिक वस्तू फोनवर पाहता येऊ लागल्या. छायाचित्रांची सोय झाली. वस्तू हातात घेऊन उलटी करून पाहण्याची सोय अजून व्हायची आहे.

दालनात सर्वांत जास्त दिसणारा चेहरा राजमाता इदियाचा. सोळाव्या शतकातील ओबा एसिगीची ती आई. तिचे म्हणून ओळखले जाणारे हस्तिदंती मुखचिन्ह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 1977 मध्ये लागोसला कृष्णवर्णीयांच्या कलांचा मोठा महोत्सव भरला, फेस्टॅक. त्याचे बोधचिन्ह म्हणून हे मुखचिन्ह निवडले गेले आणि ते काही काळासाठी मागण्यात आले. संग्रहालयाने नकार दिला. मग बेनिनच्याच एका कोरीव काम करणाऱ्याने नवे मुखचिन्ह घडवले. पाहुण्यांनी पाहिले ते हे नवे काम. त्याला नक्कल म्हणावे का? या समाजात नव्या पिढीने जुना आकार पुन्हा घडवणे हीच निष्ठा मानली जाते, आणि ज्याची मूळ वस्तूच नेली गेली आहे त्याच्याकडून नवलाईची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आणि नवलाई आली नाही असेही नाही. इग्बो शिल्पकार बेन एन्वोन्वू याने 1950 च्या दशकाच्या मध्यास घडवलेल्या ‘अन्यान्वू’ या उंच, सडपातळ स्त्रीमूर्तीत बेनिनच्या राजमातेच्या मस्तकाचा ठसा स्पष्ट आहे. 1966 मध्ये तिची एक प्रत नायजेरियाने संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिली. त्याच वर्षी मूळचा बेनिनचा लाकूडशिल्पी फेलिक्स इदुबोर याने लागोसच्या काकावा स्ट्रीटवर आपली गॅलरी उघडली. देशातील पहिल्या आधुनिक कलादालनांत तिची गणना होते.

अधिक खोलवरचा बदल राजघराण्यातूनच आला. ओताऱ्यांच्या संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता. भट्टीजवळ त्यांनी येऊ नये असा संकेत होता. ओबा अकेन्झुआ दुसरा याची कन्या एलिझाबेथ ओलोवू हिने बेनिन विद्यापीठात शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि ती ओतकाम करणारी नायजेरियातील पहिली स्त्री म्हणून ओळखली गेली. एवेकाची ती नात. आजोबाने बाजाराचे दार उघडले, नातीने भट्टीचे. तिच्या ‘झीरो अवर’ या 1985 च्या शिल्पात गरोदर स्त्री आहे, आणि तो तिचा स्वतःचाच देह आहे. राजे, योद्धे आणि दूत यांनी भरलेल्या शिल्पपरंपरेत हा विषय कुणी आणला नव्हता. तिची मुलगी पेजू लायिवोला हीही शिल्पकार आणि कलेची अभ्यासक. 2010 मध्ये तिने लागोसला 1897 च्या लुटीवर आणि परतफेडीच्या प्रश्नावर प्रदर्शन भरवले. कुटुंबातून चालणारी कला बंदिस्त असते, हा समज या मायलेकींनी खोटा ठरवला. इगुनच्या भट्ट्यांवर मात्र मुलींना अजून जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी. ज्या घराण्यांनी पोर्तुगिजांना आपल्या मेणात जागा दिली त्यांना आपल्या लेकींना देणे अवघड नसावे.

2021 मध्ये बेनिनच्या कलाकारांच्या आणि ओताऱ्यांच्या आहियाम्वेन या नव्या संघाने ब्रिटिश म्युझियमपुढे एक प्रस्ताव ठेवला. लुटलेल्या वस्तू परत द्या आणि त्यांच्या जागी आमची नवी शिल्पे घ्या. देऊ केलेल्या कामांत बेनिनच्या इतिहासातील प्रसंग असलेला मोठा पट्ट होता आणि गाड्यांच्या स्पार्क प्लगपासून घडवलेला, खऱ्याएवढा मेंढाही होता. बेनिन ही मेलेली संस्कृती असल्यासारखी मांडली जाते हा अपराधाचाच एक भाग आहे, अशी संघाचे संस्थापक सदस्य ओसारोबो झाइकनर-ओकोरो यांची भूमिका होती. ती अचूक आहे. संग्रहालयातील पाटीवर सोळावे शतक असे लिहिले की पाहणारा ते हात इतिहासजमा झाले असे धरून चालतो. प्रत्यक्षात ते हात इगुनवर भंगार निवडत असतात.

परतीचा ओघ सुरू झाला आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने आपल्याकडचा पितळी कोंबडा 2021 मध्ये परत केला. 2022 मध्ये जर्मनीने मालकी हक्क हस्तांतरित करण्याचे मान्य केले, त्याच वर्षी अमेरिकेच्या स्मिथसोनियननेही 29 वस्तूंचा हक्क सोडला. 2025 मध्ये नेदरलँड्सने 119 वस्तू दिल्या. नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या 2023 च्या आदेशाने परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबाकडे गेली. वस्तू कोणाच्या ताब्यात राहाव्यात, कोणत्या इमारतीत ठेवाव्यात, यावर पुष्कळ वाद झाले. त्या वादात इगुनचा आवाज फारसा ऐकू आला नाही. हे मस्तक आतून कसे आहे, गाभा कुठे खिळला होता, कडेची जाडी किती, हे जाणून घेण्याची सर्वांत जास्त गरज ओताऱ्याला आहे. इमारत कोणतीही असो, आठवड्यातून एक दिवस तरी तिचे कपाट इगुनच्या माणसांसाठी उघडले पाहिजे. नाहीतर लंडनच्या काचेमागची वस्तू बेनिनच्या काचेमागे आली, एवढेच होईल.

दालनांपुढच्या अडचणी रोजच्या आहेत. पर्यटक थोडे. मस्तके आणि मुखवटे म्हणजे मूर्तिपूजा, असे मानून अनेक ख्रिस्ती कुटुंबे ती घरात ठेवत नाहीत. शिकलेली मुले परदेशी जातात. शिवाय नवे शिल्प मातीत पुरून, रसायनांनी काळपट करून जुने म्हणून विकणारे लोकही आहेत आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक ओताऱ्याच्या कामावर संशय येतो. देशाबाहेर शिल्प न्यायचे असेल तर ते पुरातन नाही असा दाखला नायजेरियाच्या संग्रहालय आणि स्मारक आयोगाकडून घ्यावा लागतो. कालच ओतलेल्या बिबट्यालाही तो लागतो. मुलांची फी, धातूचा वाढता भाव आणि विजेचा लपंडाव यांतून वाट काढत ही घरे चालतात ती विद्यापीठांच्या स्मृतिचिन्हांवर, श्रीमंत नायजेरियनांनी सांगितलेल्या पुतळ्यांवर आणि परदेशात स्थायिक झालेल्या एदो माणसांनी आपल्या घरासाठी नेलेल्या इदियावर.

जगभरच्या संग्रहालयांत विखुरलेल्या बेनिनच्या जुन्या पितळी शिल्पांपैकी एकावरही ओताऱ्याचे नाव नाही. नोंदवह्यांत आहेत ती नेणाऱ्या अधिकाऱ्यांची, दलालांची आणि देणगीदारांची नावे. आज तसे होण्याचे कारण नाही. इगुनवरून, किंवा इगुनहून आलेले म्हणून मुंबई-लंडन-न्यूयॉर्कच्या एखाद्या दुकानातून, कुणी शिल्प विकत घेत असेल तर त्याने ओतणाऱ्याचे नाव आणि घराणे विचारावे, ते लिहून घ्यावे आणि शिल्पाबरोबर जपून ठेवावे.